काटा उतरला त्या दुपारी

आमचे हे गेल्यानंतर चौदा महिने मी देवाशी बोलले नव्हते. भांडण असं काही नव्हतं. गुरुवारचा उपास एकदा राहिला, मग राहतच गेला. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, श्रद्धा ठेव." मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, ठेवली होती की. काय झालं तिचं?

कल्याणच्या घरात मी आणि माझे सासरे, आबा, असे दोघंच उरलो होतो. आबांच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी ठाण्याला न्यायचं, तेही यांच्या जुन्या गाडीतून आणि मीच चालवत. मुलगा गेल्यापासून आबा जवळजवळ बोलेनासे झाले होते. जाता-येता दोन तास, पण गाडीत एक शब्द नसायचा.

मे महिना होता. आबांना ताप आला म्हणून डायलिसिसची एक पाळी हुकली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धाप लागली. पाय सुजलेले, आडवं होववेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, "छातीत पाणी भरतंय, ताबडतोब आणा." रुग्णवाहिकेला तासभर लागेल असं कळलं. मी आबांना मागच्या सीटवर उशांच्या आधाराने बसवलं आणि निघाले.

शीळफाटा दोन-तीन किलोमीटरवर असेल, तेव्हा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मेट्रोच्या कामाचे पत्रे जिथे संपतात तिथे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. ओला नॅपकिन घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून आवाज आला.

"ताई, झाकणाला हात लावू नका. तोंड भाजेल."

साठीचा माणूस, विटका खाकी शर्ट, पायात काही नाही. तो कुठून आला ते मी पाहिलं नाही. एका बाजूला पत्रे, दुसऱ्या बाजूला उघडं माळरान, आणि दोन्हीकडे चिटपाखरू नव्हतं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की रस्त्यावर आवाजच नाहीये. शीळफाट्याच्या रस्त्यावर भरदुपारी बराच वेळ एकही ट्रेलर गेला नाही, हे तिथल्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. मलाही ते लिहिताना कसंसंच होतं.

तो वाकून गाडीखाली बघून आला. "खाली थेंब नाही. मग पाणी जातंय कुठं?" ऑइल तपासायची पट्टी त्याने ओढून काढली. तिच्यावरचं ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं होतं. मला गाडी चालू करायला लावून तो मागे गेला, सायलेन्सरचा पांढरा धूर नाकाशी घेतला आणि लगेच बंद करायला सांगितलं. "गोडसर वास येतोय. हेड गॅस्केट गेलंय. इंजिनाच्या दोन भागांमधली सील असते ती. दोन वर्षांपूर्वी पाण्याचा पंप बदलला, तेव्हाच उघडून बघायला हवं होतं."

पंप खरंच दोन वर्षांपूर्वी बदलला होता. हे स्वतः गॅरेजमध्ये उभे राहिले होते. मी त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मग तो काचेतून आबांकडे बघत हळूच म्हणाला, "जिथं जायला नको तिथं पाणी जातंय." डॉक्टरही फोनवर पाण्याचंच म्हणाले होते.

"वीस मिनिटं निवू द्या," तो म्हणाला.

"वीस मिनिटं नाहीत हो आमच्याकडे!"

"आहेत."

तापलेल्या इंजिनावर तळहात टेकून तो उभा राहिला. त्या लोखंडाला मी बोटही लावू शकत नव्हते. मागून आबांचा आवाज आला, महिनोन्‌महिने न ऐकलेला, त्यांच्या मालवणीत. "खंयसून इलंस रे?" कुठून आलास, असं विचारत होते.

"हयसरच असतंय मी," इथेच असतो, असं तोही मालवणीतच म्हणाला.

दोघं बोलत राहिले, अगदी हळू. मला शब्द कळले नाहीत, पण आबांची धाप जरा बसलेली दिसत होती. इंजिन निवल्यावर त्याने झाकणावर कापड टाकून ते सावकाश सैल केलं आणि आमच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या आत ओतल्या.

"काचा उघडा, हीटर पूर्ण लावा. हीटरचा वारा गरम आहे तोवर आत पाणी आहे. वारा गार झाला की थांबायचं. जिथं असाल तिथं. काटा काहीही सांगू दे."

आबांना नीट बसवून मी आभार मानायला वळले, तर तो पत्र्यांच्या टोकापाशी पोचला होता. हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.

मेच्या उन्हात हीटर लावून मी निघाले. शीळफाटा ओलांडला. बायपासचा चढ समोर दिसायला लागला आणि काटा खाली उतरू लागला. पार मध्यावर आला! सुटलो, असं वाटलं. त्याच क्षणी हाताला लागणारा वारा गार झाला.

खरं सांगते, मला थांबायचं नव्हतं. काटा सांगत होता चल, आबांचा श्वास सांगत होता चल. त्या अनोळखी माणसाचं एक वाक्य तेवढं थांब म्हणत होतं. मी रडत गाडी कडेला घेतली आणि चौदा महिन्यांनी पहिल्यांदा तोंडातून निघालं, "दत्ता, आता तू बघ."

वीस पावलांवर झाडाखाली रिकामी रुग्णवाहिका उभी होती. चालक डबा खात होता. आबांना बघताच त्याने डबा तसाच ठेवला, स्ट्रेचर काढलं, ऑक्सिजन लावला. वाटेत म्हणाला, "ताई, वर चढावर बंद पडला असतात ना, तर मला दिसलाही नसतात."

आबा वाचले. नंतर गॅरेजवाल्याने इंजिन उघडून दाखवलं. गॅस्केट एका जागी जळून गेलेलं. "पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो, मग काटा खोटं बोलतो. तुम्ही थांबलात कशा?" मी पंपाचं विचारलं, तर म्हणाला, "नवे बोल्ट बघून जाणकाराला कळतं." असेलही. मी वाद घातला नाही. दोनदा तिथे जाऊन त्या माणसाला शोधलं. पत्र्यांमागे खणलेला खड्डा होता, झोपडी नाही की टपरी नाही. आणि ट्रेलरांच्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

थांबायला, हातातलं सोडायला जे बळ लागतं, ते माझं नव्हतं. कुणीतरी ते मला त्या दुपारपुरतं दिलं, एवढंच मी जाणते, आणि त्यासाठी हात जोडते.

त्याच दिवशी संध्याकाळी, डायलिसिस आटोपल्यावर, मी आबांना विचारलं, "आबा, कोण होता तो?" त्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो जेवलो असात काय गो?"

तेव्हापासून पानं वाढण्याआधी एक घास बाजूला काढून ठेवते. कुणासाठी, ते आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नाही.