धवल्याची पहिली ओळ

आमच्या धाकट्या भाऊजींनी आयुष्यात कुठलीही गोष्ट दुसरीशी ताडून पाहिल्याशिवाय पसंत केली नाही, आणि ताडून पाहिल्यावर तर मुळीच केली नाही. घरात दोन साबण आले की एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला लावून आळीपाळीने वास घेत बसतात आणि तेवढ्यात अंघोळीचं पाणी गार होतं. एकदा सासूबाईंनी त्यांना दिवाळे गावच्या बाजारात मासळी आणायला धाडलं. हे पहिल्या टोपलीपासून शेवटच्या टोपलीपर्यंत प्रत्येक पापलेटाचा डोळा आणि कल्ला बघत गेले, मग पडताळा घ्यायला उलटे आले, तोवर टोपल्या रिकाम्या. कोळीण म्हणाली, "दादूस, मावरं खायाचं व्हतं का त्याचं लगीन लावाचं व्हतं?" त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं. पिठल्याला मात्र त्यांनी पसंती दिली, कारण त्याच्याशी ताडून बघायला पानात दुसरं काही नव्हतं.

नोकरीही त्यांना अशी मिळाली की देवानेच जोडी जुळवावी. महापेला एका कंपनीत ते सॉफ्टवेअर तपासतात. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळतो, हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर समजलं; आमच्या साताऱ्याकडे हे काम सगळे हौसेनं आणि फुकट करतात. भाऊजींचा नियम एकच. दोन गोष्टी तपासायच्या तर दोन्हींना माल तोच द्यायचा. एकाला साखर, दुसऱ्याला गूळ, असं केलं की निकाल खोटा. आणि तपासून झालं की समोर जो असेल त्याला विचारायचं, "ह्यातलं कुठलं बरं वाटतं?" आपण एक नाव सांगितलं की ते दुसऱ्याची बाजू घेणार, हे ठरलेलं.

आमचं घर बेलापूरकडच्या जुन्या गावठाणात. जिथे भातखाचरं आणि मिठागरं होती तिथे आता सेक्टर आहेत आणि आमच्याच तळमजल्यावर औषधाचं दुकान आहे. पण सासूबाई या गावच्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजींच्या जोडीनं तिचा मान असतो. लग्नातला एकेक विधी ती गाऊन लावते आणि त्या गाण्याला धवला म्हणतात. सासूबाई एक ओळ सोडायच्या, त्यांची जोडीण, जिला आम्ही सगळे काकी म्हणतो, ती तीच ओळ झेलायची, की सासूबाई पुढची सोडायच्या. मांडवाचा धवला म्हणजे तर सगळ्यांना आमंत्रणच. पहिल्या ओळीत धरतरीला, म्हणजे धरणीमातेला, लग्नाला बोलवायचं, मग पुढे एकेकाला. त्यात खाडी होती, मिठागर होतं, गेलेल्या शेतांची नावं होती, एवढं मला आठवतं. ओळी आठवत नाहीत. तो सबंध धवला गावात एकट्या सासूबाईंना येत होता. काकीला विचारलं तर ती हात झटकायची, "मना नाय येत बाय. तिनं सोरली का मी धरतंय."

माझ्या मुलीचं लग्न जमण्याच्या कितीतरी आधी भाऊजींनी जाहीर केलं होतं की पुतणीच्या मांडवात आईचा हा धवला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाजेल, आणि तो असा वाजेल की बाजूच्या सेक्टरमधली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतील. सासूबाईंचा दम तेव्हा कमी व्हायला लागला होता. गावातल्या लग्नांतले धवलेही त्या आता बसून म्हणायच्या. म्हणून एकदा सबंध धवला रेकॉर्ड करून ठेवायचा, असं ठरलं. आम्हाला वाटलं, येत्या रविवारी होऊन जाईल.

पण लॅपटॉपवर अख्खा स्टुडिओ उभा करणारी सॉफ्टवेअरं एक नाही, अनेक असतात, हे आम्हा अडाण्यांना कुठे माहीत! भाऊजींनी ती सगळी उतरवून घेतली. त्यांची खरी नावं माझ्या तोंडात कधी बसली नाहीत, म्हणून आम्हीच नावं पाडली होती: काळं, चौकटीचं, फुकटचं आणि रुसणारं. काळ्यात मिक्सर छान, पण ते लॅपटॉपला घाम फोडायचं. चौकटीच्यात तुकडे जोडणं सोपं, पण लांब गाणं सलग भरायला अवघड. फुकटच्यात सगळं होतं, फक्त कुठे होतं ते सापडत नसे. रुसणारं मधेच बंद पडायचं. हे सारं आम्हाला जेवताना कळायचं. माझ्या पुढच्या वाट्या ओढून ते मांडत, "वहिनी, ही आमटी म्हणजे आईचा ट्रॅक. ही भाजी काकीचा ट्रॅक. आता मला नुसत्या भाजीत मसाला वाढवायचाय, आमटीला धक्का नाय लावायचा, तर काळं मला तीन रस्ते देतं." सासूबाई म्हणायच्या, "आदी जेव. आमटीवर साय धरली."

माळ्यावरची खोली त्यांनी स्टुडिओ केली. आवाज घुमू नये म्हणून घरातल्या सगळ्या गाद्या उभ्या करून भिंतींना बांधल्या. माझे आई-वडील साताऱ्याहून आले तेव्हा आम्ही त्यांना सतरंजीवर झोपवलं, आणि भाऊजींनी त्यांना समजावून सांगितलं की कापसाची गादी फोमच्या गादीपेक्षा आवाज कसा जास्त पिते. माझ्या वडिलांनी मान डोलावली. पाठ धरल्यामुळे त्यांना तेवढंच शक्य होतं.

या खोलीत दर रविवारी सासूबाई नऊवारी नेसून, केसांत फूल माळून बसायच्या. काकी शेजारी. भाऊजींनी एकदा ठोका धरण्यासाठी सॉफ्टवेअरची टिकटिक लावली आणि म्हणाले, "आई, ह्याच्याबरोबर चाल." सासूबाई म्हणाल्या, "पयलं ते घड्याल बंद कर. लगीन त्याचं हाय का आपलं?" एकदा एका सॉफ्टवेअरमध्ये सूर आपोआप सरळ करण्याची सोय सापडली. भाऊजींनी आईचा आवाज त्यातून काढून ऐकवला. अगदी गुळगुळीत झाला होता. सासूबाईंनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "ही कोन बाई? बरी गातंय. कंच्या गावची?" भाऊजींनी ती सोय त्याच दिवशी बाद केली. तेवढी एकच गोष्ट त्यांनी झटक्यात बाद केल्याचं मला आठवतं.

आणि दर रविवारी व्हायचं ते असं. सासूबाई पहिली ओळ सोडायच्या, धरतरीला बोलवायच्या. काकी झेलायची. सासूबाई दुसऱ्या ओळीसाठी श्वास घ्यायच्या तोच भाऊजी हात वर करायचे. "बस, बस! आता हीच ओळ दुसऱ्यात." कारण नियम तोच. तुलना करायची तर माल तोच पाहिजे. काळ्यात पहिली ओळ आणि चौकटीच्यात दुसरी, असं कसं चालेल? मग पुन्हा धरतरी, पुन्हा काकी, पुन्हा हात वर. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अरं, धरतरीला कितींदा बोलवशील? ती येऊन बसली असंल आता. बाकीच्यांना बोलवू दे ना." आम्ही सगळे हसलो होतो.

मी एकदा मोबाइल पुढे धरला. त्यांनी तो हळूच खाली केला. "मोबाइलवर आईचा आवाज? वहिनी, असं नका करू. हा आवाज एकदाच भरायचाय. तो अर्धाकच्चा भरून मी फुकट नाय घालवणार." ते खोटं बोलत नव्हते. पहिल्या ओळीत आई कुठे श्वास घेते, कुठे आवाज जरासा फाटतो, हे आमच्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या माणसाचं आईवर इतकं प्रेम होतं की त्याला कुठलंच सॉफ्टवेअर तिच्या लायकीचं वाटत नव्हतं. लग्नांमधून सासूबाईंनी धवले म्हटले ते व्हिडिओवाल्यांनी टिपले खरे, पण त्यावर सिनेमाची गाणी चढवून.

असे खूप रविवार गेले. नवीन आवृत्त्या आल्या की आधीचे निकाल रद्द व्हायचे. मग डोक्यावरून विमानं जायला लागली, तेव्हा कुठलं सॉफ्टवेअर विमानाचा आवाज चांगला पुसतं याची तपासणी सुरू झाली. शेवटी काळं आणि चौकटीचं अशी दोनच उरली. त्या दोघांत ठरायचं होतं.

एका सकाळी सासूबाई चहाचा कप उचलायला गेल्या आणि हात उचललाच गेला नाही. अंगाची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर भाऊजी रजा टाकून त्यांच्या उशाशी बसले. सॉफ्टवेअरचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त एकदा, दुपारी, लॅपटॉप पलंगावर ठेवून त्यांनी ती पहिली ओळ लावली. सासूबाईंनी डोळे उघडले. ओळ संपली आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. भाऊजींनी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला, मग माईक नेला. ओठ कितीतरी वेळ हलत होते. मला वाटतं त्यांनी सबंध धवला म्हटला. माईकमध्ये नुसता श्वास आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. मला भाऊजींचा फार राग आला होता. पुढे तो टिकला नाही, कारण त्यांच्याकडे बघून टिकवणं जमेना. पण वाईट वाटतं ते अजून तसंच आहे.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न झालं. मांडवाच्या दिवशी गावच्या बायका जमल्या, काकी पाटावर बसली आणि भाऊजी लॅपटॉप घेऊन स्पीकरशेजारी उभे राहिले. त्यांनी ओळ लावली. सासूबाईंचा आवाज मांडवात असा आला की माझ्या मुलीनं दाराकडे बघितलं. खरंच सांगते, इतका स्वच्छ आवाज मी त्यांच्या तोंडूनही ऐकला नव्हता. धरतरीला बोलावून झालं. काकीनं सवयीनं ओळ झेलली आणि पुढची घ्यायला तोंड अर्धं उघडून थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो. काकीला आता नीटसं दिसत नाही. ती स्पीकरकडे तोंड करून म्हणाली, "सोर ना गो फुरची. थांबलीस का?"

भाऊजींनी मान खाली घालून लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडली. आधीची ओळ काळ्यातली होती, ही चौकटीच्यातली. सासूबाईंनी पुन्हा धरतरीला बोलावलं, काकीनं पुन्हा झेललं. मग फुकटच्यातली लावली, मग रुसणाऱ्यातली. काकी प्रत्येक वेळी झेलत राहिली आणि हळद लावायला बसलेल्या बायका तिच्यामागून म्हणू लागल्या. मी भाऊजींच्या शेजारीच उभी होते. ह्यातलं कुठलं बरं वाटतं, हे त्यांनी मला विचारलं नाही.