पाण्याखालची बाग विकणारे सर

उत्तरेश्वरला पोहता येत नव्हतं, आणि तो विकायचा त्या रोपांनाही. रोपं पंधरा दिवसांत कुजायची. हा मात्र सात वर्षं टवटवीत राहिला.

सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी त्याचं फिशटँकचं दुकान. नव्व्याण्णव साली पाटी लागली तेव्हा तिच्यावर नुसतंच ‘फिश सेंटर’ लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी बोळातल्या अकरा कुटुंबांनी सह्यांचा अर्ज दिला, की इथे सुरमई विकता येणार नाही. उत्तरेश्वरनं एकेकाला आत नेऊन गोल्डफिश दाखवले. “हे खायचे नाहीत, नुसते बघायचे.” बोळाचं समाधान झालं. एका आजोबांनी तेवढं जाताजाता विचारलं, “नुसतं बघायचे पैसे घेता?” पुढच्या महिन्यात त्यांच्याच नातवानं टाकी नेली.

माणूस मूळचा कळंबकडचा. पुण्यात आला तो आधी मार्केट यार्डात फुलांच्या पाट्या उचलायला, आणि तिथून पुण्याबाहेरच्या मांजरी गावाला, हिराबाईंच्या नर्सरीत. सहा वर्षं पिशव्यांत माती भरली. कोलियसला सावली किती, सिंगोनियमला पाणी किती, ड्रसिनाची मुळं का कुजतात, हे सगळं त्या बाईनं त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. त्यानं ते ज्ञान वाया घालवलं असं कुणी म्हणू नये. मुळं कशानं कुजतात ते नीट लक्षात ठेवलं आणि त्याच्यावरच दुकान चालवलं.

कारण खरी पाण्यातली वनस्पती लांबून यायची, महाग पडायची आणि वाटेतच अर्धी सडायची. हिराबाईंची रोपं तासाभराच्या अंतरावर. रविवारी हा स्कूटरवर दोन क्रेट घालून आणायचा. हिराबाईंना सांगायचा, “सोसायट्यांच्या बागांची कामं घेतो, मावशी.” दुकानामागच्या मोरीत मुळांची माती धुवायचा, तळाला बसावीत म्हणून बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळायचा आणि सोमवारी सकाळी बारसं उरकायचा. कुंपणाकडेला लावतात ते पट्ट्यांचं गवत झालं ‘जपानी लव्हाळा’. लाल कोलियस झालं ‘अ‍ॅमेझॉन सुंदरी’. ड्रसिना झाला ‘सिंगापूर तलवार’. त्या वर्षांत पुण्याला परदेशाचं इतकं वेड लागलं होतं, की इम्पोर्टेड म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारायची लोकांना लाज वाटायची.

कोलियस आठवड्यात गळायचं, सिंगोनियम पंधरवडा काढायचं, ड्रसिना महिनाभर अब्रू राखायचा. पानं कुजली की पाणी नासायचं, पाणी नासलं की मासे उताणे. मग गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, आणि इथे उत्तरेश्वरची खरी विद्या सुरू व्हायची. तो आधी एकच विचारायचा, “राहायला कुठे?”

वाकडचं गिऱ्हाईक असेल, तर चुक् करून मान हलवायचा. “टँकरचं पाणी ना? मग काय होणार!” वाकडवाले टँकरला शिव्या द्यायला टपलेलेच असायचे, ते खूश. पेठेत मात्र पाण्याला नाव ठेवायची सोय नाही. खडकवासल्याच्या पाण्यात खोट काढणारा दुकानदार दुसऱ्या दिवशी शटर उघडू शकत नाही. तेव्हा पेठकरांना तो सांगायचा, “तुमच्या घरात ऊन येत नाही.” आमच्याकडे कुणाच्याच घरात येत नाही, भांडणार कोण? आणि कोथरूडकरांना, “तुम्ही लाड फार करता हो.” हे ऐकून कोथरूडच्या बायका लाजायच्या आणि आणखी चार मासे न्यायच्या. शिकलेसवरलेले लोक! एकाच्याही मनात आलं नाही, की एक पान तोडून नेऊन नर्सरीवाल्याला दाखवावं.

पण उत्तरेश्वरचा जीव अडकला होता तो वेगळ्याच ठिकाणी. आयटीतली मुलं त्याला ‘सर’ म्हणायची. नववी नापास माणूस. मार्केट यार्डात त्याला ‘ए पाटी’ म्हणून हाक मारायचे. आणि इथे वाकडहून अभिनव नावाचा अमरावतीचा इंजिनिअर भर दुपारी फोन करायचा, “सर, मोठा मासा तळाशी बसलाय. सर, काय करू?” तो शब्द ऐकला की उत्तरेश्वर खुर्चीत सरळ बसायचा. पाटीवर त्यानं खाली नवीन ओळ रंगवून घेतली: ‘मत्स्य व जलवनस्पती तज्ज्ञ’. बायकोनं एकदा चारचौघांत ‘अहो, ऐकलंत का’ म्हटलं, तर घरी जाऊन तिला म्हणाला, “लोकांसमोर सर म्हणत जा.” ही बातमी खुद्द तिनंच नळावर सांगितली, तेव्हा शंका नको.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात अभिनवच्या हिंजवडीच्या कंपनीनं रिसेप्शनला भिंतभर टाकी घ्यायचं ठरवलं. वर एचआरच्या बाईंना सुचलं, की याच निमित्तानं सरांचं व्याख्यान ठेवू, ‘पाण्याखालची बाग आणि मनःशांती’. पत्र आलं: ‘आदरणीय उत्तरेश्वर सर’. त्यानं ते लॅमिनेट करून कॅश काउंटरवर लावलं. बोळातल्या प्रत्येकाला वाचायला लावलं. दुधवाल्यालासुद्धा.

टाकी मोठी, तेव्हा रोपं शंभर लागणार. स्कूटरवर मावेनात. त्यानं हिराबाईंना शुक्रवारी टेम्पोनं कंपनीत आणून द्यायला सांगितलं, “गेटवर वॉचमनकडे ठेवून जा, मावशी.” इथे चुकला. मे महिन्याच्या उन्हात रोपं डांबरावर टाकून जाणं त्या बाईला जमणारं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. पुढे नमुन्याची काचेची टाकी, तिच्यात रविवारी स्कूटरवर आणलेली थोडी रोपं, मागे सफारी घातलेला उत्तरेश्वर. तो सांगत होता, “ही सिंगापूर तलवार. हिला अशी हळुवार पाण्यात बसवायची. झाडाला आपला स्पर्श कळतो.” पोरं वहीत लिहून घेत होती. तेवढ्यात काचेचं दार ढकलून हिराबाई आत आल्या. डोक्यावर पदर, गळ्यात व्हिजिटरचा पास, दोन हातांत क्रेट.

“उत्तऱ्या, सावलीत कुठं ठिवू रं?”

आणि त्यांची नजर टाकीकडे गेली.

“आरं, काय करतूयास? बुडवतूयास व्हय त्यास्नी?”

“मावशी, तुम्ही बाहेर थांबा. हे वेगळं आहे. पाण्यातलं.”

“पाण्यातलं? मी लावलेला ड्रसिना हाय त्यो! कुंडीत पाणी साचलं तरी मुळं सडतात म्हनून तुझ्या पाठीत धपाटा घातला हुता, इसारला?” बाईंनी क्रेट खाली ठेवला, बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात घालून एकेक रोप उपसायला लागल्या. “सात वरसं नेतूयास. समदी बुडवलीस?”

मग आमच्याच बोळातली प्रियदर्शनी उभी राहिली. पोर त्याच कंपनीत कामाला आहे, हा सगळा वृत्तांत तिचाच.

“सर, पण आमच्याकडे ऊन नाही म्हणून मेली म्हणालात ना?”

“ऊन?” अभिनव म्हणाला. “मला टँकरचं पाणी म्हणाले. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडलो त्याच्यावरून!”

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, “आम्हाला लाड सांगितलं होतं,” आणि खाली बसल्या.

सात वर्षं वाकड, पेठ आणि कोथरूड कधी एकमेकांशी बोलले नव्हते. बोलायचं कारणच काय? आयटीनं त्यांना एका एसीत आणून बसवलं, आणि उत्तरेश्वरची विद्या पाच मिनिटांत आटोपली. पोरं हसायला लागली. ती ओरडली असती तर बरं, असं तो नंतर बायकोला म्हणाला. एचआरच्या बाईंनी घाईघाईनं मनःशांतीचा कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. हिराबाई रोपं टेम्पोत घालून मांजरीला परत गेल्या. जाताना त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुकान बंद पडलं नाही. पुण्यात दुकानं अशा कारणानं बंद पडत नाहीत. उत्तरेश्वर शहाणा झाला, हेही कबूल करायला हवं. मागच्या खोलीत मोठा हौद बांधून तो खरोखरीच्या पाणवनस्पती वाढवायला लागला. पाण्यातच उगवतात, पाण्यातच जगतात, मूळ धरतात. मी स्वतः पाहिल्यात.

दिवाळीच्या सुमारास अभिनव दुकानात आला. उत्तरेश्वरनं हौदातून हिरवागार गुच्छ काढून काउंटरवर ठेवला.

“ही घ्या. जगेल. वर्षानुवर्षं जगेल.”

अभिनवनं गुच्छ वरखाली बघितला. मग भिंतीवर टांगलेली प्लास्टिकची झुडपं चाचपली, त्यातलं एक काढलं.

“हेच द्या, काका.”