नाना ‘सॉरी’ म्हणाला नाही

दगडखाणीतला सुरुंग वेळेत उडाला नाही, म्हणून माझा थोरला भाऊ नाना बघायला पुढे गेला, आणि तेव्हाच तो उडाला. मी पिंपरीच्या कारखान्यात हजेरीच्या खिडकीशी बसलो होतो, तिथे निरोप आला. चादरीत गोळा करून जे आणलं, त्यालाच भाऊ म्हणून अग्नी दिला. याला आता सहा आठवडे झाले...

नाना तापट. तापट कसला, आग्यावेताळ! तरुणपणी एकदा भांडणात त्यानं फावड्याच्या दांड्यानं माझा हात मोडला होता. पण चाकणकडच्या आमच्या गावात रीत अशी, की ज्यानं हात मोडला त्यानं तो बरा होईपर्यंत समोरच्याचं पाणी भरायचं, लाकडं फोडायची. तोंडानं काही बोलायचं नाही. नानानं दीड महिना माझ्या वाटचं सगळं काम ओढलं.

पुढे कारखान्यात त्याला मीच चिकटवला. तिथे आम्ही बाबू लोक उठल्यासुटल्या ‘सॉरी’ म्हणायचो. पाय तुडवला, सॉरी. चहा सांडला, सॉरी. एखाद्याची रजा नाकारली, तरी सॉरीच! नाना खवळायचा. “पाय तुडवायचा नि शब्द फेकायचा, व्हय रं बापू? लई स्वस्तात सुटता राव तुमी!”

मग एके दुपारी नानाची मशीनवर ठेवलेली भाकरी फोरमननं खाली फेकली आणि बुटानं चिरडली. नानानं त्याला लोखंडी पहारीवर असा आपटला, की मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. साहेब इंग्रजीतच बोलत, म्हणून मला मध्ये उभं केलं. ‘सॉरी’ म्हणाला तर नोकरी राहील, असं त्यांनी सांगितलं.

“म्हंजी काय, बापू?”

“वाईट वाटतंय, असं म्हणायचं.”

“वाटतंय की. पर हात त्येचा मोडलाय. त्येच्या घरचं पानी कोन भरनार?”

हे मी साहेबांना सांगितलंच नाही. आपली खेडवळ रीत इंग्रजीत सांगायची मला लाज वाटली. फक्त उद्यापर्यंत मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाना फोरमनच्या दारात उभा राहिला. लाकडं फोडायला म्हणून खांद्यावर कुऱ्हाड! फोरमनची बायको किंचाळली, शेजारी काठ्या घेऊन धावले. रक्तबंबाळ नानाला चौकीवर नेलं, तिथे पुन्हा तुडवला. मला बोलावून विचारलं, “हा खून करायला आला होता ना?” कारखान्याचे साहेब शेजारीच बसले होते. मी म्हणालो, “मला काही माहीत नाही.”

त्या चार शब्दांनी त्याची नोकरी गेली, सहा महिने तुरुंगात गेले. सुटल्यावर त्यानं मला एकदाच विचारलं, “तू सांगितलं न्हाईस?” मग तो खाणीत लागला, कारण त्याला दुसरीकडे कोणी उभंही करेना. मीच मारला त्याला. सुरुंग नंतर उडाला, एवढंच.

परवा फोरमन खिडकीशी आला. “तुमच्या भावाचं ऐकलं... सॉरी,” म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, डोळे भरले होते. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “इट्स ऑल राइट, सर.”

नाना असता तर तिथंच माझं थोबाड फोडलं असतं. फोडायलाच हवं होतं.