पाईनची तहान

मर्ल ट्रेगेन्झा हट्टी, हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या मेंढपाळांच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दुष्काळात नळीने पाणी घालायला बंदी आली, तशी ती आंघोळीचं पाणी बादलीने नेऊन अंगणातल्या जुन्या पाईनच्या बुंध्याशी ओतू लागली. झाड तिच्या नवऱ्याने, क्लॅरीने लावलेलं. क्लॅरी गेला, आता झाडही जातंय की काय, या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेजारच्या डेस फिट्झनरशी तिचा जुना अबोला. पाईनच्या सुयांनी त्याच्या छपराची पन्हळ तुंबायची. तो त्या उपसून कुंपणावरून तिच्या अंगणात फेकायचा. ती मुकाट्याने शेडमागे रचून ठेवायची, पण बोलायची नाही. मानी माणसं भांडतातसुद्धा किती नेमाने!

हिवाळ्याच्या तोंडावर आतल्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात, त्याचं तिला काही वाटत नसे. यंदा मात्र फांद्यांची टोकंच करपली. तिने बोलावलेली झाडांची जाणकार बाई बघून म्हणाली, ही तहान आहे. एवढं मोठं झाड बुंध्याशी पीत नाही, त्याची पिणारी मुळं पार सावलीच्या कडेला असतात. आणि ती कड होती डेसच्या अंगणात.

मर्लने बरेच दिवस चालढकल केली. शेवटी अडला हरी म्हणत बादली घेऊन त्याच्या फाटकाशी उभी राहिली.

डेसने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कचरा माझ्याकडे टाकतं आणि पाणीही माझ्याकडेच पितं?"

"नको असेल तर सांग. जाते मी."

"बादली ठेव खाली, कंबर मोडून घेशील. माझ्या आंघोळीचं पाणी आहे की."

"तू कधीपासून आंघोळ करायला लागलास?"

डेस हसला. मग तीही हसली.

हिवाळाभर दोघं सावकाश पाणी ओतत राहिली, माती खोलवर भिजेपर्यंत. वसंतात काही फांद्या वाळक्याच राहिल्या, पण बाकीच्यांना फिकट हिरवे कोंब फुटले. मर्ल झाडाखाली उभी राहून रडली आणि तिने ते लपवलंही नाही.

उन्हाळ्याआधी डेस कुंपणाशी आला. ओल टिकावी म्हणून त्याला जमिनीवर सुयांचा जाड थर पसरायचा होता आणि पन्हळीतल्या पुरत नव्हत्या.

"मर्ल, इतकी वर्षं तुझ्याकडे फेकल्या, त्या आहेत का गं?"

"एकूण एक."

"मग दे परत."

मर्ल क्लॅरीची ढकलगाडी काढायला शेडमागे गेली.