गोजरबाई आणि सासऱ्याचा घास

गोजरबाईच्या कपाळावर एक जुनी खोक होती आणि उजव्या मनगटावर दातांचे ताजे वण. दोन्ही सासऱ्याची देणगी. खोक दिली तेव्हा माणिकराव पुरता शुद्धीवर होता; चावला तेव्हा आपण कोण, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

अमडापुरात माणिकरावाचा वांग्यांचा मळा मोठा आणि राग मळ्याहून मोठा. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर आणि मागोमाग तांब्या सुनेवर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी गोजरबाईने एकदा उलट उत्तर दिलं, तर या भल्या माणसाने तिला कडब्याच्या खोलीत कोंडलं. दोन दिवस अन्न नाही की पाणी नाही. दार उघडलं तेव्हा ती रांगत गेली आणि बैलांच्या टाक्यात तोंड घालून प्यायली. सासरा राक्षस आहे हे तिला तेव्हाच कळलं, आणि भूक त्याच्याहून वाईट आहे हेही कळलं.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे म्हाताऱ्याची बुद्धी जायला लागली. आधी मळ्याची वाट विसरला, मग पोराचं नाव, आणि शेवटी तोंडातला घास गिळायचा असतो हेसुद्धा. मारायचं मात्र विसरला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ते असं. समोर बसून कुणी भरवायला लागलं की तो फाडकन थोबाडीत द्यायचा, नखं मारायचा, वाटी उडवायचा.

गावातल्या बाया म्हणायच्या, "गोजरबाई, पुण्य लागन तुले."

"जळो थे पुण्य," ती म्हणायची. "मेला तं मी रडनार नाही. पन माह्या घरात कोनी उपाशी मरनार नाही."

तिला त्याचा राग होता, आणि तो ती लपवतही नसे. पण मार खाता खाता तिने त्याला भरवायची रीत शोधली होती. त्याला भिंतीला टेकवून ताठ बसवायचं. आपण समोर नाही, बाजूला बसायचं. मारलं तरी खांद्यावर बसतं. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून ज्वारीची आंबील घट्ट करायची. अर्धाच चमचा द्यायचा आणि गळ्याची घाटी वरखाली झालेली दिसेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. एका वाटीला सकाळ जायची.

त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याने दातच आवळून धरले. चार दिवसांत जेमतेम ओठ ओले झाले. चिखलीचा डॉक्टर येऊन सांगून गेला, "घेईल तेवढं द्या, जबरदस्ती करू नका. अंगात पाणी गेलं नाही तर मात्र फार दिवस नाहीत."

गोजरबाईच्या नवऱ्याने, सहदेवने, त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. बापाच्या हातचा मार त्यानेही पोटभर खाल्ला होता, पण त्या मारालाच तो माया समजायचा. बाप उपाशी जाणार या धास्तीने त्याचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई विहिरीवरून आली, तर घरातून गुरगुरल्यासारखा आवाज. आत पाहते तो काय! सहदेवने बापाला आडवं पाडून त्याच्या छातीवर गुडघा रोवला होता. नाक दाबलेलं. बैलाला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं दातांत खुपसून तो त्यात दूध ओतत होता आणि रडत होता. "पे ना बा! पे ना!"

ओठ फाटून रक्त आलं होतं. दूध नाकातून उलटत होतं. म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर आपटत होते आणि तोंड काळंनिळं पडलं होतं.

क्षणभर गोजरबाई उंबऱ्यातच थांबली. अजून जरा थांबली असती तर सगळं मिटलं असतं, आणि तिला कुणी बोल लावला नसता. हे तिच्या मनात आलं, स्वच्छ आलं.

मग तिने हंडा टाकला. नळकांडं हिसकावलं आणि नवऱ्याच्या मनगटावर असं हाणलं की तो कळवळून बाजूला पडला. म्हाताऱ्याला उठवून पुढे वाकवलं आणि पाठीत धपाधप बुक्के घातले. जन्मभराचे घातले म्हणा ना. शेवटी दूध, कफ, रक्त असं सगळं बाहेर आलं आणि श्वास लागला.

सहदेव उठला. बायकोने हात उचलला होता, तोही बापासमोर. त्याने तिचा अंबाडा धरला आणि मूठ उगारली.

"मारा," ती म्हणाली. "पन बापाचा जीव घेऊन राह्यले होते तुमी."

तेवढ्यात भिंतीशी कलंडलेला म्हातारा बोलला. कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. तो आता फुटला, खणखणीत.

"पाह्यत काय राह्यला बे? हान तिले!"

सहदेवने बापाकडे पाहिलं. फाटका ओठ, हनुवटीवरून ओघळणारं रक्त, आणि डोळ्यांत मारताना असायची तीच जुनी मौज. त्याची उगारलेली मूठ सैल पडली, अंबाडा सुटला. तो भिंतीला धरून मटकन बसला.

गोजरबाईने अंबाडा बांधला. पदराने म्हाताऱ्याचं तोंड पुसलं आणि त्याला ताठ बसवलं. त्याचा श्वास पुरता शांत होईपर्यंत ती तशीच बाजूला बसून राहिली, मग चुलीवरची आंबील वाटीत काढून आणली. तिने अर्धा चमचा त्याच्या ओठाशी नेला.

"घ्या मामाजी," ती म्हणाली. "हानाले बी आंगात जोर लागते."

म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावर एक बुक्की मारली आणि तोंड उघडलं.