रजिस्टरातला हेल्पर

राजदीप पाझारेला बिघडलेला डंपर दाखवावा लागत नाही, नुसता ऐकवला तरी पुरतो. गाडी चढावर कण्हली की टपरीवर चहा पिता पिता तो म्हणतो, "तीन नंबरचं इंजेक्टर गेलं," आणि खोलून पाहिलं तर तीन नंबरचंच गेलेलं असतं. घुग्घुसच्या अलीकडे, खाणीतली कोळशावरची माती उचलणाऱ्या एका ठेकेदाराचं वर्कशॉप आहे. चार पत्रे, एक क्रेन आणि बारमाही काळी धूळ. राजदीप तिथं अकरा वर्षं आहे. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, बॅचमध्ये दुसरा. पहिला आला होता तो आता मोबाइलचं दुकान चालवतो.

तर या राजदीपनं ठरवलं की ऑस्ट्रेलियाला जायचं. तिथं खाणी आहेत, डंपर आहेत, आणि डंपर दुरुस्त करणाऱ्याला कुशल कारागीर म्हणून व्हिसा मागता येतो, हे त्याच्या बायकोनं, रिनानं, तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर स्वतः वाचलं. रिना कॉन्व्हेंटमध्ये चौथीला इंग्रजी शिकवते. कुठलाही फॉर्म तिच्यासाठी उत्तरपत्रिकाच. लाल पेन घेऊनच बसते.

बातमी वस्तीत पसरली आणि जो भेटेल तो एकच विचारू लागला.

"एजंट कोन हाये?"

"एजंट नाई."

"मंग कसा जाशीन बावा?" मधे पूर आलेला नाला असावा आणि याच्याकडे डोंगा नसावा, अशा तोंडानं.

"रिना भरून राह्यली ना फॉर्म."

"फॉर्म भरून कोनी जाते का?"

व्हिसाच्या आधी एक पायरी असते. तिथली एक संस्था तुमचे कागद तपासते आणि हा माणूस खरंच मेकॅनिक आहे की नाही ते सांगते. ती म्हणाली, कामाचे पुरावे पाठवा. राजदीप कामाला लागला. आपल्याकडे पुरावा म्हणजे दाखला, आणि दाखला म्हणजे मोठ्या माणसाची सही. सरपंचांनी लिहिलं, 'सदर इसम माझ्या चांगल्या ओळखीचा असून निर्व्यसनी आहे.' पोलीस पाटलांनी लिहिलं, 'यांच्यावर कोणताही गुन्हा नाही.' विहार समितीच्या अध्यक्षांनी लिहिलं, 'धम्मकार्यात सदैव अग्रेसर.' हेडमास्तरांनी तर 'बालपणापासूनच होतकरू' असं लिहून खाली दोन शिक्के मारले, एक सरळ आणि एक जरा वाकडा, कारण पहिला पुसट उमटला होता. असे नऊ दाखले जमले. रिना म्हणाली, "अहो, यात डंपर कुठी हाये?" राजदीप म्हणाला, "एवढे शिक्के हायेत, अजून काय पाह्यजे?" वैतागून तिनं तेच भाषांतर करून पाठवून दिले.

आठवड्यानं उत्तर आलं. मोठं सभ्य उत्तर. रिनानं मराठीत सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना. "ते म्हणतेत, अर्जदार सज्जन हाये याबद्दल आमची खात्री पटली. पण तो काम काय करतो, हे नऊपैकी एकाही कागदावर नाई." आता मालकाच्या लेटरहेडवर पत्र पाहिजे होतं. पद काय, काम काय काय, किती वर्षं. अठ्ठावीस दिवसांत. नाही आलं तर अर्ज बंद.

"मालकाचं तर सोपं हाये," राजदीप म्हणाला. खरोखर त्याला तसंच वाटत होतं.

मॅनेजर साहेबांची एक लकब आहे. काही द्यायचं नसलं की ते आधी चहा देतात. "बैठो, बैठो. राजदीप, तू तर आपला घरचा माणूस! घरच्या माणसाला कशाला पाहिजे पत्र?" राजदीपनं सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी चहाचा घोट घेतला, संघप्रियाला हाक मारली. संघप्रिया ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते आणि तिच्या कानावरून काही सुटत नाही. तिनं टाइप करून आणलं. दोन ओळी. 'श्री. राजदीप पाझारे हे आमच्याकडे अकरा वर्षांपासून हेल्पर या पदावर कार्यरत आहेत. त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.'

"साहेब, हेल्पर?"

"रजिस्टरला जे आहे तेच लिहिणार ना भाऊ."

राजदीपला ते आठवलं. अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत याच खुर्चीवर साहेब म्हणाले होते, "अभी हेल्पर में डालता हूँ, तीन महिने में बदल देंगे." ते तीन महिने अजून चालूच होते. हेल्परला पगार कमी, म्हणून सगळ्यांनाच हेल्पर टाकायचं, ही तिथली जुनी रीत. राजदीपला माहीत नव्हती असं नाही. पण ती कागदावर छापून, वर 'उज्ज्वल भविष्य' चिकटवून हातात आली, तेव्हा त्याच्या कानातून वाफ निघायची बाकी राहिली.

"म्हणजे मी अकरा वर्षं काय केलं जी इथी? पाने पुसले?"

"अरे, गरम कशाला होतो? चहा घे."

शेवटी लोकांच्या आग्रहाला शरण जाऊन तो चंद्रपूरला विक्की सर नावाच्या एजंटच्या ऑफिसात गेला. काचेचं दार, आत कांगारूचं पोस्टर. विक्की सर मूळचे राजुऱ्याकडचे, पण बोलतात असे की आज सकाळीच मेलबर्नहून उतरले. "सी, राजदीपजी. बेसिकली ना, तुमची प्रोफाइल ना, थोडीशी वीक आहे. बट डोंट वरी. लेटर आपण करून घेऊ."

"कोनाचं लेटर?"

"नागपूरला आपलं एक वर्कशॉप आहे. तिथे तुम्ही अकरा वर्षं सीनियर मेकॅनिक. लेटरहेड, स्टॅम्प, सॅलरी स्लिप, ए टू झेड."

"पण मी नागपूरले कामच नाई केलं."

"अहो, कोण बघायला येतंय?"

"अन् त्यायनं फोन केला तर?"

"तो फोन पण आपलाच माणूस उचलेल ना!" सर खुर्चीत गोल फिरले.

राजदीप उठला. जिना उतरताना तो स्वतःशीच मोठ्यानं बोलत होता, खालचा पानवाला दचकून बघायला लागला. "म्हणजे पाहा! मी खरा मेकॅनिक हावो, तर खरं सांगाले खोटं पत्र पाह्यजे. अन् खरं पत्र मागतलं, तर त्याच्यात खोटं लिवून देतेत! खोटा कागद लावला अन् सापडला, तर चोर कोन? मीच. साहेब नाई, हा गोल फिरणारा नाई. मी!" पानवाल्यानं विचारलं, "भाऊ, खर्रा बनवू का?" राजदीप म्हणाला, "बनव." रागात माणसाला काहीतरी चावायला लागतंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं हे सगळं जहीरचाचांना सांगितलं. जहीरचाचा म्हणजे वर्कशॉपचे उस्ताद. राजदीपला पाना धरायला त्यांनी शिकवलं. राजदीपला वाटलं, उस्तादांचंच पत्र घ्यावं, वरिष्ठ म्हणून. चाचांनी टर्बोवरची काजळी पुसत विचारलं, "मेरे नाम के आगे क्या लिखेगा?"

"हेड मिस्तरी."

चाचा हसले. "जा, संघप्रियाले विचार. मी अठ्ठावीस वर्षांपासून हेल्पर हावो. तुह्यापेक्षा सीनियर हेल्पर."

राजदीपला हे कधी सुचलंच नव्हतं. त्यानं बाकीच्या चौघांना विचारलं. वेल्डिंगवाला, हेल्पर. हायड्रोलिकवाला, हेल्पर. टायरवाला, हेल्पर. ऑटो-इलेक्ट्रिकचा दसरू, ज्याच्याशिवाय एकाही डंपरचा दिवा लागत नाही, तोही हेल्पर. सहा माणसं, सहा हेल्पर.

"चाचा," राजदीप म्हणाला, "मंग आपण मदत कोनाले करून राह्यलो?"

याचं उत्तर सोमवारी सकाळी मिळालं. पहिल्याच पाळीत खाणीतला मोठा पोकलेन बंद पडला. पोकलेन माती भरणार नाही तर डंपर रिकामे. नऊ डंपर एकामागे एक उभे राहिले आणि हॉर्न वाजवायला लागले. साहेब धावत वर्कशॉपमध्ये आले. सहाही जण टायरवर ओळीनं बसलेले. पाने धुऊन पुसून फडक्यावर मांडलेले, जणू दसऱ्याची शस्त्रपूजा.

"अरे, बसले काय? पोकलेन बंद आहे!"

"मालूम हाये जी," राजदीप म्हणाला. "आमी तयारच हावो. मिस्तरी आला का आमी त्याले पाना देतो."

"कोण मिस्त्री?"

"तेच म्हणतो. कोन?"

साहेब जहीरचाचांकडे वळले. "चाचा, तुम्ही तरी..."

"साहब, मैं तो हेल्पर हूँ," चाचांनी छातीवर हात ठेवला. "बत्ती पकडूंगा. जहां बोलोगे वहां पकडूंगा."

साहेबांनी दसरूकडे पाहिलं. दसरूनं दोन्ही हात वर करून तळवे दाखवले. त्याला बोलायला फारसं आवडत नाही.

साहेब भडकले. घरचा माणूस वगैरे सगळं गेलं. "ठीक आहे! कंपनीचा इंजिनियर बोलवतो! तुमच्या भरोशावर बसलोय का मी?" त्यांनी तिथंच नागपूरला मशीनच्या कंपनीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

तिकडून इंजिनियर म्हणाला, "माणूस उद्या दुपारी निघेल. तोवर मला सांगा, पायलट प्रेशर किती दाखवतंय?"

"कसलं प्रेशर?"

"पायलट. बरं, फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस येतोय का?"

साहेबांनी फिल्टरच्या जागी वर्कशॉपच्या छताकडे पाहिलं.

"अहो साहेब, तिथं तो राजदीप आहे ना? त्याला द्या ना फोन. मागच्या खेपेला पंपाचा बिघाड त्यानंच सांगितला होता. आमचा माणूस नुसता पार्ट घेऊन आला होता."

बाहेर नऊ हॉर्न वाजतच होते. साहेबांनी मोबाइल पुढे केला. राजदीपनं हात पाठीमागे घेतले.

"हेल्परनं कंपनीच्या इंजिनियरसंग बोलावं का जी? बरं दिसन का?"

संघप्रिया नवं पत्र टाइप करायला बसली तेव्हा साडेनऊ झाले होते. साहेब म्हणत होते, "याच्यावरून उद्या पगाराचा फरक मागाल तुम्ही." राजदीप म्हणाला, "मागू का नाई, ते मंग पाहू. आज जे खरं हाये ते लिवा." मग तो संघप्रियाच्या टेबलापाशी उभा राहून सांगू लागला. इंजिन उतरवणे, खोलणे, बसवणे. इंजेक्टर, फ्यूएल पंप. गिअरबॉक्स. ब्रेक. मागून चाचा म्हणाले, "टर्बो भूल गया." टर्बो. "अन् फायनल ड्राइव्ह? मागच्या उन्हाळ्यात खाली झोपून कोनं खोललं? मी का?" फायनल ड्राइव्ह. नव्या पोरांना शिकवणे. संघप्रियाची बोटं थांबली.

"भाऊ, पान संपून राह्यलं."

"दुसरं लाव."

पद : डिझेल मेकॅनिक. साहेबांनी तो शब्द दोनदा वाचला आणि सही केली. राजदीपनं फोटो काढून रिनाला पाठवला. तिची मधली सुट्टी चालू होती. लगेच उत्तर आलं, 'तारीख नाई. साहेबाचा फोन नंबर नाई. परत घ्या.' साहेबांनी तारीख आणि नंबर लिहिला, शाळेत वही परत आलेल्या पोरानं लिहावा तसा. पाच मिनिटांनी रिनाचा दुसरा निरोप आला. कागद गेला होता, मुदतीतले सात दिवस हातात ठेवून, विक्की सरांच्या कांगारूला न विचारता. तिकडचे आता काय म्हणतील ते म्हणतील. खोटं एक अक्षर त्यात नव्हतं.

"झालं ना?" साहेबांनी घाम पुसला. "चल आता."

जहीरचाचा हात पुसत पुढे आले. "अब मेरा लिखो."

"तुम्ही कुठं चाललात, चाचा?"

"कुठीच नाई. म्हणून का मी हेल्पर झालो?"

चाचांच्या मागे वेल्डिंगवाला येऊन उभा राहिला होता, त्याच्या मागे दसरू. संघप्रियानं कुणाला न विचारता नवा कागद घेतला. "अठ्ठावीस वर्षांचं हाये. बसा चाचा, वेळ लागन."

"राजदीप!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "तुझं तर झालं ना! तू तरी जा पोकलेनकडे!"

राजदीपनं पत्राची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, खिशात ठेवली आणि चाचांच्या शेजारी बाकावर टेकला.

"जातो ना जी," तो म्हणाला. "उस्तादाचं होऊ द्या."