भिंतीपलीकडची मेणबत्ती

मृतांच्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. यंदा भिंतीपलीकडच्या गवतातही एक जळताना दिसली. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं पूर्वी तिथे पुरत. वारा अजिबात नव्हता, तरी कुणी हळूच फुंकर घालावी तशी ती ज्योत वाकत होती.

शेजारी माझी सून उभी होती. तिला पाचवा महिना. बाळाचा मेंदूच तयार झालेला नाही, पाडून टाका, असं डॉक्टर म्हणालेत. माझं म्हणणं एकच, जीव देवाने दिलाय, देवच नेईल. चार यत्ता शिकलोय, पण एवढं मला कळतं.

"ती मीच लावली, बाबा," सून म्हणाली. "जन्मलं की जाणारच आहे. आणखी चार महिने मी कबर होऊन हिंडू?"

 मत काही माझं बदललं नाही. पण त्या जीवावरून महिनाभर घरात भांडलो आणि त्याला हाक मात्र कुणीच मारली नव्हती. मुलगा की मुलगी ठाऊक नाही, तरी मी माझ्या बापाचं नाव घेतलं, "अंतोन."

सुनेने दचकून पोट धरलं.

"बाबा," ती कुजबुजली, "त्याने ओ दिली."